युवकांची जडणघडण आणि राज्याचे उत्तरदायित्व
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



समाजात एक वाक्य वारंवार कानी पडते : "आपला समाज समर्थ आहे, आपल्या मुलांसाठी सरकारपुढे हात कशाला पसरायचा?" या वाक्यामागे स्वाभिमान आहे, यात शंका नाही. परंतु ज्या संस्थांचा दाखला देऊन ते उच्चारले जाते, त्या संस्थांचा इतिहास काही वेगळेच सांगतो.

१८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली आणि १९०१ साली कोल्हापुरात जैन बोर्डिंग उभे राहिले. खेड्यापाड्यांतील शेतकरी श्रावकांची मुले शहरात राहून शिकू शकली ती त्यामुळे. समाजाने देणग्या दिल्या, कार्यकर्त्यांनी आयुष्ये वेचली. पण पाठीशी राजर्षी शाहू महाराजांचा दरबार होता, हे विसरून चालणार नाही. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा अनेक समाजांच्या वसतिगृहांना महाराजांनी जागा, इमारती आणि अनुदाने दिली. वसतिगृह चालवावे समाजाने आणि त्याला बळ द्यावे राज्याने, अशी ती रचना होती. समाजांनीही सारा भार एकट्याने वाहण्याचा हट्ट धरला नाही.

याच कोल्हापुरात शिकलेले, कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ पासून साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छताखाली आणले. मुले स्वतः राबत आणि शिकत. वसतिगृहातील चूल विझू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले. स्वावलंबनाचा एवढा आग्रह धरणाऱ्या या पुरुषाने सरकारी अनुदान घेण्यात मात्र कमीपणा मानला नाही. १९४८ साली सरकारवरील टीकेचे निमित्त होऊन संस्थेचे अनुदान बंद झाले, तेव्हा गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली आणि ते पुन्हा सुरू झाले. अनुदान ही कुणाची मर्जी असेल तर काय होते, ते या प्रसंगात दिसते. प्रत्येक संस्थेला गाडगे महाराज कोठून मिळणार? म्हणूनच मागणी कृपेची नसावी, नियमाने बांधलेल्या तरतुदीची असावी.

देशाच्या स्वातंत्र्यानंतर सरकारने काहीच केले नाही, असेही नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. पुढे ती लाखोंपर्यंत पोहोचली. १९७२ मध्ये महाविद्यालयाबाहेरच्या ग्रामीण तरुणांसाठी नेहरू युवा केंद्रे आली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतःचे युवा धोरण जाहीर केले. धोरणांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो पैशाचा. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात केंद्राचा युवकांवरील खर्च वर्षाला दरडोई सुमारे २,७१० रुपये दाखविला आहे. आकडा तसा बरा वाटतो. पण त्यात उच्च शिक्षण, आरोग्य, रोजगार योजना आणि अन्नधान्याचे अनुदानसुद्धा धरलेले आहे. शिधापत्रिकेवरचा तांदूळ ज्याला युवा विकास म्हणून मोजावा लागतो, त्या हिशेबात क्रीडाशिक्षकाच्या, अभ्यासिकेच्या, समुपदेशकाच्या वाट्याला काय उरत असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

दात्यांच्या उदारतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरी एक गोष्ट संकोच सोडून बोलली पाहिजे. सभागृहासाठी, खोलीसाठी, पाण्याच्या कूलरसाठी दाता सहज मिळतो, कारण त्यावर नावाची पाटी लागते. गृहपालाच्या पगारावर पाटी लागत नाही. शास्त्रांनी आहार, औषध आणि अभय यांच्या जोडीला ज्ञानदान सांगितले. ज्ञान देणाऱ्याच्या मासिक वेतनाची आठवण मात्र देणगीदारांना क्वचितच होते. त्यामुळे व्यायामशाळा उभी राहते आणि शिक्षकाअभावी तिला कुलूप लागते. अभ्यासिकेत टेबले असतात, पण सोळा वर्षांच्या मुलाला पुढे कोणती वाट धरावी हे सांगणारे कोणी नसते. वास्तू समाजाने बांधावी आणि ती जिवंत ठेवणाऱ्या माणसांचा आवर्ती खर्च राज्याने उचलावा, ही वाटणी व्यवहार्य आहे. कर भरणाऱ्या समाजाने हे मागण्यात लाचारी कसली?

सरकारी पैसा आला की हस्तक्षेप येतो, कागदपत्रे येतात, अनुदान मार्चअखेरीस पदरात पडते, असे आक्षेप ज्येष्ठ मंडळी घेतात. ते निराधार नाहीत. उशिरा आलेले अनुदान घाईने खर्च होते, आणि घाईचा खर्च हिशेबात बसवावा लागतो; तेथूनच अनर्थाला सुरुवात होते. पण उपाय अनुदान नाकारणे हा नाही. वर्षारंभी पहिला हप्ता, तीन वर्षांची हमी आणि वेळच्या वेळी लेखापरीक्षण, या अटी संस्थांनीच पुढे होऊन मागाव्यात.

आणखी एक. २०१४ मध्ये केंद्राने जैन समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्या योजनांचा लाभ घेण्यास हरकत नाही. परंतु युवकांसाठीची मागणी तेवढ्यापुरती आखडती ठेवू नये. भाऊरावांच्या वसतिगृहात पंक्ती वेगळ्या नव्हत्या. ट्रस्टने जिल्हा नियोजन समितीकडे प्रस्ताव पाठवावा, तो तालुक्यातील सर्व युवकांसाठी असावा, आणि त्यासोबत ट्रस्टने आपल्या युवा उपक्रमांवर आजवर केलेल्या खर्चाचा ताळेबंद जोडावा. मसुदा तयार करण्याचे काम युवक मंडळाकडेच सोपवावे.