तेलाचे नाव आणि तेलाचा गुण



तेल पाहावे, तेलाची धार पाहावी, असे आपण म्हणतो. पण धारेवरून तेलाचे अंतरंग कळत नाही. करडईच्या तेलाच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या, रंग तोच, धार तीच, तरीही आतून ती दोन तेले अगदी निराळी असू शकतात. मग आपण पैसे मोजतो ते नावाचे की गुणाचे? हा प्रश्न गृहिणीचा आहे, तसाच तो शेतकऱ्याचाही आहे.

कोणत्याही खाद्यतेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन वसाम्ले. वसाम्ल ही कार्बनच्या अणूंची साखळी असते. अठरा कार्बनांच्या साखळीत एकही द्विबंध नसला की ते स्टिअरिक अम्ल. ते सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते. त्याच साखळीच्या मध्यावर एक द्विबंध आला की तिला बाक येतो, रेणू एकमेकांना बिलगून बसत नाहीत, आणि हे नवे अम्ल १३-१४ अंशांनाच पातळ होते. हेच ओलेइक अम्ल. आणखी एक द्विबंध आला की लिनोलेइक अम्ल तयार होते. ते शून्याखालीही काही अंश पातळच राहते.

एका द्विबंधाचा फरक तो काय, असे कोणी म्हणेल. पण दोन द्विबंधांमध्ये सापडलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल धरलेला असतो आणि हवेतला प्राणवायू नेमका तेथेच हात घालतो. त्यामुळे लिनोलेइक अम्ल ओलेइकपेक्षा दसपटीने किंवा त्याहूनही वेगाने बिघडते. तेल खवट होते ते यामुळे. जवसाच्या तेलात तीन द्विबंधांचे अम्ल भरपूर असते, म्हणून ते रंगात मिसळले की वाळून घट्ट पापुद्रा धरते. तळणीला मात्र असे तेल नको. तेथे ओलेइकप्रधान तेल अधिक टिकते.

आता प्रमाणे पाहा. ऑलिव्हच्या तेलात ओलेइक अम्ल शेकडा ५५ ते ८३ असते. आपल्या नेहमीच्या शेंगदाणा तेलात ते बहुधा ४० ते ५० च्या आसपास असते. खोबरेल तेलात जेमतेम ६-७. साध्या करडईच्या तेलात ते दहा-वीस, आणि लिनोलेइक मात्र सुमारे ७५.

परंतु सगळी करडई अशी नसते. १९५७ साली ‘नेचर’ नियतकालिकात हॉरोविट्झ आणि विंटर यांनी आयोडीन अंक कमी असलेल्या, म्हणजे द्विबंध कमी असलेल्या, करडई तेलाची नोंद केली. पुढे १९६३ साली नोल्स आणि मुतवाकिल यांनी हा गुण पिढ्यानुपिढ्या कसा उतरतो ते दाखविले. आणि त्यांनी अभ्यासलेले वाण कुठले होते? भारतातून गेलेल्या करडईतून निवडलेले! वनस्पती आधी ओलेइक अम्ल बनविते, मग एक विकर त्यात दुसरा द्विबंध घालते. ते विकर घडविणाऱ्या जनुकात दोष आला की ओलेइक अम्ल साचून राहते. करडईच्या तेलात मग ते शेकडा ७० च्या वर जाते. जनुकातला दोष तेलाचा गुण ठरतो!

पुढे हीच वाट इतर पिकांनी धरली. १९७६ साली सोव्हिएत संघात सोल्दातोव्ह यांनी ‘पेर्व्हेनेत्स’ हे सूर्यफुलाचे वाण निर्माण केले. १९८७ साली फ्लोरिडातील संशोधकांनी शेकडा ८० ओलेइक असलेल्या भुईमुगाची माहिती प्रसिद्ध केली. आपल्याकडे २०२० साली ‘गिरनार-४’ आणि ‘गिरनार-५’ हे तशाच गुणाचे भुईमुगाचे वाण आले.

श्रोतेहो, अडचण येथेच आहे. हा शेंगदाणा डोळ्यांना वेगळा दिसत नाही. बाजार समितीत तो साध्या शेंगांच्या ढिगात पडला की त्याचा गुण त्या ढिगात बुडाला. माल वेगळा ठेवला, त्याचे तेल तपासले आणि त्या गुणाला भाव दिला, तरच शेतकरी ते बियाणे पुन्हा पेरील. नाही तर शास्त्रज्ञांची मेहनत कागदावर राहील.

आरोग्याविषयीही दोन शब्द बोलतो. शेकडा ७० हून अधिक ओलेइक असलेल्या तेलांविषयी २०१८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक मर्यादित दावा मान्य केला. पुरावा अनुकूल आहे, पण निर्णायक नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. शिवाय हे तेल संतृप्त स्निग्धांच्या जागी घ्यावयाचे, जेवणात जादा ओतावयाचे नव्हे. दुसरी गोष्ट, लिनोलेइक अम्ल शरीराला स्वतः बनविता येत नाही. अन्नातून ते मिळालेच पाहिजे. हे बर दांपत्याने १९२९-३० साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. म्हणून लिनोलेइकला वैरी समजण्याचे कारण नाही. तळणीला एक तेल, कच्चे घेण्याला दुसरे, हा शहाणपणा अधिक चांगला.

परदेशी तेलाची बाटली महाग म्हणून कोणी हिरमुसू नये, आणि घाण्याचे तेल म्हणून कोणी डोळे मिटूनही घेऊ नये. डब्यावरचे बारीक अक्षर वाचावे. तेथे ‘मोनोअनसॅच्युरेटेड’ असा आकडा असतो. खाद्यतेलांत त्याचा मोठा भाग बहुधा ओलेइकचाच असतो. तो आकडा दुकानदाराला विचारणारी चार गिऱ्हाइके निघाली, तर तो प्रश्न तेलाच्या गिरणीपर्यंत आणि तेथून शेतापर्यंत पोहोचेल.