जुन्या पडद्यावरचा पाहुणा

1982 साली अमेरिकेत ‘डेड मेन डोन्ट वेअर प्लेड’ नावाचा एक विनोदी चित्रपट निघाला. त्यात स्टीव्ह मार्टिन हा नट गुप्तहेर झाला आहे आणि त्याच्याशी बोलतो आहे हम्फ्रे बोगार्ट! बोगार्ट तर 1957 सालीच निवर्तला होता. दिग्दर्शक कार्ल रायनर याने जुन्या रहस्यपटांतील प्रसंग निवडले आणि त्यांच्याभोवती नवी कथा विणली.

ही किमया शिकू पाहणाऱ्याला प्रथम वाटते की, सारे कौशल्य जुन्या चित्रातून माणूस अलगद कापून काढण्यात आहे. ते काम कष्टाचे खरेच. बोलपटात एका सेकंदाला 24 चित्रे सरकतात. म्हणजे 10 सेकंदांच्या प्रसंगासाठी 240 वेळा आकृतीची कड रेखावी लागते. आज संगणक हा भार पुष्कळसा उचलतो. परंतु कड अचूक साधली, तरी तो माणूस नव्या खोलीत उपराच वाटतो. असे का व्हावे?

कारण तो आपला प्रकाश बरोबर घेऊन आलेला असतो. जुन्या चित्रात उजेड डावीकडून पडला असेल, तर नव्या खोलीतला दिवाही डावीकडेच हवा. कॅमेऱ्याची उंची जुळली नाही, तर पाय अधांतरी भासतात. नजर समोरच्याच्या डोळ्यांवर न ठरता कानाशी घुटमळली, की संवादाचा भ्रम मोडतो. जुन्या फिल्मचा रवाळपणाही नव्या चित्रात उतरावा लागतो. थोडक्यात, पाहुण्याला बदलता येत नाही. घर त्याच्याजोगे करावे लागते.

रायनरने तेच केले. चित्रपट कृष्णधवल ठेवला, जुन्या धाटणीच्या खोल्या उभारल्या आणि पोशाखांचे काम ईडिथ हेड या बाईंकडे सोपविले. त्या जुन्या काळातील कित्येक चित्रपटांची वस्त्रेही त्यांनीच सजविली होती. बहुतेक ठिकाणी त्याने आकृती कापलीच नाही. एक जुने दृश्य, मग एक नवे, अशी नुसती आलटापालट. दोघांना एकत्र आणते ते प्रेक्षकाचे मन.

मात्र येथेच या विद्येची जबाबदारी सुरू होते. जुन्या नटांचे शब्द जुनेच राहिले. बदलला तो प्रश्न, आणि तेवढ्याने उत्तराचा अर्थ पालटला. 1994 सालच्या ‘फॉरेस्ट गम्प’मध्ये तर दिवंगत अध्यक्ष केनेडी यांचे ओठ संगणकाने हलविले गेले. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाला ठाऊक होते की, ही कथा आहे. तीच युक्ती वार्तापटात शिरली, तर जे कधी घडले नाही ते इतिहास म्हणून साठून राहील, आणि ज्याच्या तोंडी ते घातले, तो नाकारायला उरलेला नसेल. म्हणून प्रकाश जुळवायला शिकणाऱ्याने एवढे व्रत पाळावे: जोड दिसू नये, पण लपवूही नये.