हजेरी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी इंजिनिअर. पेशींचे फोटो काढणाऱ्या मायक्रोस्कोपसाठी प्रोग्राम लिहिते. "म्हणजे नेमकं काय करतेस गं?" असं सकाळपासून बऱ्याच जणींनी विचारलं. सोपं सांगते : मी हजेरी घेते.

सर वर्गात येण्याआधीचा आपला गोंधळ आठवा. आवाज शिक्रापूरच्या चौकापर्यंत जायचा, पण कोण काय बोलतंय ते कळायचं नाही. पेशीचंही तसंच. प्रथिनांना चमकणारी खूण लावली की हजारो रेणू एकदम उजळतात आणि फोटोत नुसता ढग दिसतो. साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके साध्या मायक्रोस्कोपला वेगळे दाखवता येत नाहीत, हे आबे यांनी १८७३ मध्येच सांगून ठेवलं होतं.

मग सर काय करायचे? एकेकाचं नाव पुकारायचे. शास्त्रज्ञांनी तेच केलं. जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन शिमोमुरांनी १९६२ मध्ये वेगळं केलं होतं. २००२ मध्ये पॅटरसन आणि लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांनी त्यात असा बदल केला, की जांभळा प्रकाश पडेपर्यंत ते जवळजवळ झोपलेलं राहतं. पडला की सुमारे शंभरपट उजळतं. २००४ मध्ये जपानमध्ये मियावाकींच्या गटाने पुन्हापुन्हा चालू-बंद करता येणारं 'द्रोन्पा' आणलं. २००६ मध्ये बेट्झिग आणि हेस यांनी अगदी मंद जांभळा प्रकाश टाकून मोजकेच रेणू जागे केले, प्रत्येक ठिपक्याचा मध्य टिपला, ते विझू दिले, मग पुढचे जागे केले. अशा हजारो फोटोंमधून एक स्पष्ट चित्र उभं राहतं. २०१४ च्या नोबेलमध्ये बेट्झिग होते.

यातही प्रॉक्सी असते बरं का! एखादा रेणू विझून पुन्हा लुकलुकतो आणि दोनदा मोजला जातो. माझ्या पहिल्या प्रोग्रामने अशा सगळ्या 'हजर सर' मान्य केल्या आणि पट भलताच फुगला. मागच्या बाकावरच्यांनी हसू नये.

एक नाव मात्र राहिलं. त्या हिरव्या प्रथिनाचं जनुक १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी मिळवलं. अनुदान संपलं, तेव्हा त्यांनी ते इतरांना देऊन टाकलं. २००८ मध्ये त्याच प्रथिनासाठी नोबेल जाहीर झालं, त्या वेळी ते मोटारविक्रेत्याकडे गिऱ्हाइकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. विजेत्यांनी मात्र त्यांची आठवण ठेवली आणि त्यांना सोहळ्याला बोलावून घेतलं.

आपल्या पटावरही दहावीच्या आत शाळा सुटलेल्या मैत्रिणी आहेत. गणितात माझ्यापुढे असणारी एक त्यांतलीच. आज ती इथे नाही, कारण निमंत्रणाची यादी आपण दहावी पास झालेल्यांची केली. आणि ती यादी मीच केली होती. पुढच्या मेळाव्याला पाचवीचा हजेरीपट काढू या, आणि एकेक नाव पुकारू या.