आपली कुळकथा, आपली लेखणी

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आम्हां गोंडांची कथा पूर्वी परधानांच्या किंगरीवर नांदत होती. ती कागदावर उतरली ती मात्र परक्या हातांनी. लिंगोचे गीत हिस्लॉप ह्या मिशनऱ्याने टिपून ठेवले व त्याच्या मृत्यूनंतर १८६६ साली ते छापून निघाले. त्या श्रमांचे ऋण आम्ही मानतो. तथापि पाहुण्याने केलेले घराचे वर्णन कितीही सूक्ष्म असले, तरी घरच्या माणसाची ओढ त्यात कोठून येणार?

ती उणीव आपल्याच माणसांनी भरून काढण्यास आरंभ केला आहे. १९७९ साली भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. भुजंग मेश्राम ह्यांचा 'उलगुलान' हा काव्यसंग्रह १९९० साली आला. त्याचे नावच बिरसा मुंडा ह्यांच्या उठावाशी नाते सांगते. उषाकिरण आत्राम ह्यांनी आपल्या स्त्रियांची व्यथा कवितेत आणली. नागपूरचे मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) ह्यांनी गोंडी भाषा व पुनेम ह्यांवर आयुष्यभर ग्रंथरचना केली.

लेखक आपला म्हणून त्याचे प्रत्येक विधान प्रमाण मानावे, असे मात्र नव्हे. कंगालींनी सिंधू लिपीचे गोंडीतून केलेले वाचन पंडितांनी सर्वमान्य केलेले नाही. वाचावे, पारखावे, मग स्वीकारावे; आदराची रीत हीच होय.

२०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लक्ष होते. गोंडांची संख्या त्याहून कितीतरी अधिक. ह्याचा अर्थ, पुष्कळ घरांत आजीचे बोलणे नातवास कळेनासे झाले आहे. शाळेत मुलाने आडनाव सांगताना मान खाली घालावी, ह्याचे मूळही बहुधा ह्याच अज्ञानात असते. आपले सगा, आपले पेन ह्यांचा अर्थ ज्यास ठाऊक, त्याची मान सहजासहजी लवत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच की, प्रत्येक कुटुंबाने वर्षाकाठी आपल्या लेखकाचे एक तरी पुस्तक विकत घ्यावे. ते कपाटात न ठेवता मुलांनी मोठ्याने वाचावे, वडीलधाऱ्यांनी ऐकावे, आणि जेथे पुस्तक चुकले वा अडले तेथे आपल्या आठवणीतील गीत, गोष्ट, शब्द सांगावा. तो वहीत उतरून घ्यावा. पुस्तक पुन्हा छापता येते. वृद्ध माणसाबरोबर गेलेले गीत पुन्हा मिळत नाही.

जय सेवा.