रनीमीडची सनद आणि राजसत्तेची वेसण



इंग्लंडच्या सिंहासनावर हेन्री नावाचे आठ राजे झाले, एडवर्ड नावाचे आठ झाले, जॉर्ज नावाचे सहा झाले. जॉन नावाचा राजा मात्र एकच झाला. गेल्या आठशे वर्षांत त्या देशाच्या दुसऱ्या कोणत्याही राजाने ते नाव धारण केलेले नाही. एखाद्या राजाबद्दल प्रजेच्या मनात साचलेल्या तिरस्काराची याहून बोलकी साक्ष कोणती असणार? आणि तरीही इतिहासाचा न्याय असा विलक्षण की, राजसत्तेला कायद्याची वेसण घालणारा जगातील सर्वांत प्रसिद्ध दस्तऐवज याच राजाच्या मुद्रेने प्रसृत झाला. १५ जून १२१५ ही त्याची तिथी आणि थेम्स नदीकाठचे रनीमीड नावाचे कुरण हे त्याचे जन्मस्थान. पुढे तो ‘मॅग्ना कार्टा’, म्हणजे महासनद, या नावाने ओळखला जाऊ लागला.

ही सनद समजून घ्यायची तर आधी तो राजा समजून घेतला पाहिजे.

जॉन हा दुसऱ्या हेन्रीचा सर्वांत धाकटा मुलगा. हेन्रीची सत्ता स्कॉटलंडच्या सीमेपासून फ्रान्सच्या दक्षिण टोकाला असलेल्या पिरेनीज पर्वतापर्यंत पसरलेली होती. थोरल्या मुलांना प्रांत वाटून झाले तेव्हा धाकट्याच्या वाट्याला काहीच उरले नाही. म्हणून ‘लॅकलँड’, म्हणजे भूमिहीन, हे टोपणनाव त्याला चिकटले ते कायमचे. थोरला भाऊ रिचर्ड धर्मयुद्धावर गेला आणि परतीच्या वाटेवर कैद झाला, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी दीड लाख मार्कांची खंडणी मागण्यात आली. एक मार्क म्हणजे पौंडाचा दोन-तृतीयांश भाग. भावाच्या त्या संकटकाळात जॉनने फ्रान्सच्या राजाशी संधान बांधून गादी बळकावण्याचा प्रयत्न केला. १९९९ चे नव्हे, तर ११९९ चे ते जग होते. त्या वर्षी रिचर्ड मृत्यू पावला आणि जॉन गादीवर आला. मुकुटावर हक्क सांगू शकणारा पुतण्या आर्थर १२०२ मध्ये त्याच्या हाती सापडला. पुढच्या वर्षी तो नाहीसा झाला, आणि काकानेच त्याचा काटा काढला असे सारे युरोप मानू लागले. १२०४ मध्ये पूर्वजांचा नॉर्मंडी प्रांतही हातचा गेला.

गेलेला प्रांत परत मिळवायचा तर सैन्य हवे आणि सैन्याला पैसा हवा. येथून जॉनच्या राज्यकारभाराला खरे वळण लागले. लढाईवर न जाणाऱ्या सरदाराने त्याबदली भरायचा ‘स्क्यूटेज’ नावाचा एक कर होता. जॉनने तो आपल्या सतरा वर्षांच्या कारकिर्दीत अकरा वेळा वसूल केला. सरदाराला वडिलांची जहागीर हवी असेल तर त्याने नजराणा भरावा. विधवेला पुनर्विवाह टाळायचा असेल तर तिनेही भरावा. जेफ्री द मँडेव्हिल या सरदारावर एका लग्नापोटी वीस हजार मार्कांचा बोजा टाकण्यात आला. विल्यम द ब्रोझ हा एकेकाळचा मर्जीतला सरदार. त्याच्यावर राजाची वक्रदृष्टी वळली तेव्हा त्याची पत्नी आणि मुलगा यांना बंदिवासात उपाशी ठेवून मारण्यात आले. १२१२ मध्ये वेल्सच्या सरदारांनी ओलीस म्हणून दिलेल्या अठ्ठावीस जणांना नॉटिंगहॅम येथे फासावर चढवण्यात आले.

एवढे ऐकल्यावर कोणालाही वाटेल की, हा एका दुष्ट माणसाचा प्रश्न होता. तो गेला की प्रश्न मिटला. येथेच थोडे थांबून विचार करावयास हवा.

जॉन आळशी नव्हता आणि विलासात बुडालेलाही नव्हता. तो राज्यभर अखंड फिरत असे, स्वतः खटले ऐकत असे. राजदरबारातून निघणाऱ्या पत्रांच्या आणि सनदांच्या नकला पद्धतशीरपणे जपून ठेवण्याची व्यवस्था त्याच्याच काळात रुजली. न्यायालये, हिशेबाची कचेरी, प्रांतोप्रांतीचे अधिकारी ही यंत्रणा त्याच्या वडिलांनी उभी केली होती आणि ती युरोपातील उत्तम यंत्रणांपैकी एक होती. दोष होता तो निराळाच. या साऱ्या यंत्रणेच्या टोकाशी कायदा नव्हता, राजाची मर्जी होती. सरदारांनी राजाची कृपादृष्टी परत मिळवण्यासाठी किती रक्कम भरली, याच्या नोंदी दरबारच्या दप्तरात राजरोस लिहिल्या जात होत्या.

आणि ही रीत जॉनने शोधून काढलेली नव्हती. त्याचे वडील असेच वागले. लोकांनी ‘सिंहहृदयी’ म्हणून डोक्यावर घेतलेला रिचर्डही असाच वागला. दहा वर्षांच्या कारकिर्दीत तो इंग्लंडमध्ये जेमतेम सहा महिने राहिला, आणि त्याच्या मोहिमांचा व खंडणीचा भार मात्र त्याच इंग्लंडने वाहिला. पण रिचर्ड जिंकत होता. म्हणून प्रजेने सोसले. जॉन हरला; म्हणून प्रजेला सोसवेना. यातून निघणारा निष्कर्ष थोडा कडू आहे. विजयी आणि लोकप्रिय राजाच्या हातातील अनिर्बंध सत्ता लोकांना दिसतच नाही. ती दिसते नावडता राजा आल्यावर, आणि तोवर ती पुरती मुरलेली असते. म्हणूनच मर्यादा घालायची ती माणसाच्या स्वभावाला नव्हे, तर पदाच्या अधिकाराला.

याच सुमारास जॉनने धर्मपीठाशीही वैर धरले. कँटरबरीचे आर्चबिशप म्हणून पोपने स्टीफन लँग्टन या विद्वानाची नेमणूक केली. जॉनने त्यांना देशात पाऊल ठेवू दिले नाही. १२०८ पासून सहा वर्षे इंग्लंडमधील चर्चचे बहुतेक नित्य विधी बंद राहिले. अखेर १२१३ मध्ये जॉनने नमते घेतले, आणि तेही असे की, आपले राज्यच पोपला अर्पण करून वर्षाकाठी एक हजार मार्क देण्याचे मान्य केले. बाहेर पोपचा मांडलिक आणि घरात अनिर्बंध स्वामी, अशी ही अवस्था होती.

२७ जुलै १२१४ रोजी बूव्हीनच्या रणांगणावर जॉनच्या मित्रसैन्याचा फ्रान्सने धुव्वा उडवला. दहा वर्षे पिळून गोळा केलेला पैसा एका दिवसात मातीमोल झाला. पुढच्या मे महिन्यात बंडखोर सरदारांनी राजनिष्ठेची शपथ मोडली, आणि १७ मे १२१५ रोजी लंडन शहर त्यांच्या हाती आले. राजाला बोलणी करणे भाग पडले. लँग्टन यांनी मध्यस्थी केली आणि रनीमीडला सनद तयार झाली. चित्रांमध्ये राजा हातात लेखणी धरून सही करताना दाखवला जातो. प्रत्यक्षात सही झालीच नाही, सनदेवर राजमुद्रा लागली.

या सनदेत होते तरी काय? नंतरच्या अभ्यासकांनी तिची त्रेसष्ट कलमे मोजली. त्यांतील बरीचशी अगदी व्यावहारिक आहेत. धान्य, मद्य आणि कापड यांची मापे देशभर एकच असावीत. राजाच्या अधिकाऱ्याने कोणाचे धान्य वा सामान घेतले तर त्याचे पैसे चुकते करावेत. दंड अपराधाच्या प्रमाणात असावा, आणि तो भरताना व्यापाऱ्याचा माल व शेतकऱ्याची अवजारे जाऊ नयेत. विधवेवर पुनर्विवाहाची सक्ती होऊ नये. साक्षीदारांवाचून, केवळ अधिकाऱ्याच्या शब्दावर कोणाला चौकशीस उभे करू नये. कायदा जाणणाऱ्या आणि पाळण्याची इच्छा असणाऱ्या माणसांनाच न्यायाधीश नेमावे.

या व्यावहारिक कलमांच्या मध्ये तीन कलमे अशी आहेत की, ज्यांनी पुढील इतिहास घडवला. राज्याच्या सर्वसंमत सल्ल्यावाचून राजाने स्क्यूटेज वा तत्सम कर बसवू नये, असे बारावे कलम सांगते. समकक्षांच्या निवाड्यावाचून किंवा देशाच्या कायद्यावाचून कोणाही स्वतंत्र माणसाला कैद करू नये, त्याची मालमत्ता हिरावू नये, त्याला हद्दपार करू नये, असे एकोणचाळिसावे सांगते. आणि न्याय विकला जाणार नाही, नाकारला जाणार नाही, लांबवला जाणार नाही, असे वचन चाळिसाव्या कलमात राजा स्वतः देतो.

ही लोकशाहीची सनद होती काय? तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. सरदारांनी ती प्रथम स्वतःच्या हितासाठी मिळवली. ‘स्वतंत्र माणूस’ या शब्दांत तेव्हाच्या इंग्लंडमधील भूदास येत नव्हते, आणि भूदासांची संख्या फार मोठी होती. तरीही साठाव्या कलमाने एक बीज पेरले होते: राजाने सरदारांना जे दिले, तेच सरदारांनी आपापल्या माणसांना द्यावे. १३५४ च्या कायद्याने हे संरक्षण ‘कोणत्याही दर्जाच्या माणसा’पर्यंत नेले. स्वार्थातून निघालेला शब्द एकदा तत्त्वाच्या भाषेत लिहिला गेला की, तो लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही.

राजाने शब्द मोडला तर काय करायचे? एकसष्टाव्या कलमाने त्यासाठी पंचवीस सरदारांची समिती नेमली आणि राजाचे किल्ले व जमिनी जप्त करण्याचा अधिकार तिला दिला. कुंपणच शेत खाऊ लागले तर त्याला आवरणारा दुसरा कोणी असावा, हा विचार योग्यच होता. परंतु उपाय होता तो तलवारीचा. जॉनने तातडीने पोपकडे धाव घेतली आणि २४ ऑगस्ट १२१५ रोजी पोप तिसरा इनोसंट याने सनद रद्दबातल ठरवली. अवघे दहा आठवडे ती जगली. देशात यादवी माजली. सरदारांनी फ्रान्सच्या राजपुत्राला गादीवर बसण्यास बोलावले. ऑक्टोबर १२१६ मध्ये न्यूअर्कच्या किल्ल्यात जॉन अतिसाराने मरण पावला, तेव्हा निम्मा देश शत्रूच्या ताब्यात होता.

सनद येथेच संपायची. ती जगली याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते त्यांत विल्यम मार्शल हा वृद्ध सरदार अग्रणी आहे. जॉनने त्याचे मुलगे ओलीस ठेवून घेतले होते, तरी त्याने राजनिष्ठा सोडली नाही. नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीचा पालक होताच त्याने नोव्हेंबर १२१६ मध्ये ती सनद आपण होऊन पुन्हा जाहीर केली. पंचवीस जणांच्या समितीचे आणि करासंबंधीचे कलम मात्र गाळले. शत्रूने तलवार रोखून मिळवलेला कागद आता राजपक्षाचे वचन झाला. १२१७ मध्ये अरण्यविषयक वेगळी सनद निघाली, तेव्हा मूळ सनदेला ‘महा’ हे विशेषण लागले. १२२५ मध्ये जंगम मालमत्तेच्या पंधराव्या हिश्शाएवढा कर मिळाला आणि त्याच्या बदल्यात सनद पुन्हा दिली गेली. कर हवा तर हक्क मान्य करा, हा व्यवहार पुढे संसदेचा पाया ठरला.

सतराव्या शतकात एडवर्ड कोक या न्यायविदाने चारशे वर्षांपूर्वीची ही सनद पुन्हा हाती घेतली. सक्तीचे कर्ज देण्यास नकार दिला म्हणून पहिल्या चार्ल्सने पाच नाइटांना तुरुंगात टाकले होते. १६२८ च्या हक्कांच्या अर्जात संसदेने त्याला रनीमीडची आठवण करून दिली. १६७९ मध्ये बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे ‘हेबिअस कॉर्पस’चा कायदा झाला. १७९१ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेतील पाचव्या दुरुस्तीनेही हेच तत्त्व उचलले.

परंतु या सनदेचा अभिमान मिरवणाऱ्या इंग्रजांनी ती आपल्या साम्राज्यात सर्वत्र नेली नाही. १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली खटल्याविना अटकेत ठेवले गेले. १९०७ मध्ये लाला लजपतराय यांना तशाच एका जुन्या रेग्युलेशनखाली मंडालेस पाठवण्यात आले. १९१९ च्या रौलट कायद्याविषयी ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ असे लोक म्हणू लागले. इंग्लंडमध्ये जे जन्मसिद्ध मानले गेले, ते भारतात झगडून मिळवावे लागले. स्वतंत्र भारताच्या घटनेतील एकविसाव्या अनुच्छेदाने कायद्याने ठरवलेल्या पद्धतीवाचून कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेण्यास मनाई केली.

तरीही कागद पुन्हा एकदा अपुरा पडला. आणीबाणीत विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्या नागरिकांना न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी दिला. तो एक आवाज होता न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचा. सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेने त्यांच्याकडे यायचे होते. ते त्यांना नाकारले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने एकविसावा अनुच्छेद आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निर्णय स्पष्टपणे मोडीत काढला. पंतप्रधान नरसिंह राव यांनी १९९४ मध्ये रनीमीडला ओकचे झाड लावले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर ध्यानात येतो.

१२१५ च्या मूळ सनदेच्या आज चारच प्रती उरल्या आहेत, आणि इंग्लंडच्या कायद्यात तिची जेमतेम तीन-चार कलमे शिल्लक आहेत. चर्मपत्राचे सामर्थ्य तेवढेच. मार्शलसारखा पालक, कोकसारखा न्यायविद, खन्नांसारखा न्यायमूर्ती जेव्हा जेव्हा तिचा शब्द स्वतःची हानी सोसून पाळतो, तेव्हा तेव्हा ती जिवंत होते. राजा नावडता असताना मर्यादेची मागणी करणे सोपे असते. राजा आवडता असताना ती मागणी करणारा समाजच खऱ्या अर्थाने स्वतंत्र राहतो.