यकृत प्रत्यारोपण : रुग्णाने व कुटुंबाने जाणून घ्यावे असे काही

(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी वैद्य नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाच्या व्यापारात आयुष्य घालविलेला एक सामान्य श्रावक आहे. तरीही विश्वस्तांनी या विषयासाठी मला उभे केले, त्याचे कारण आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. २०१९ साली माझे यकृत बदलावे लागले. आज माझ्या देहात जे यकृत काम करीत आहे, ते माझ्या मुलीने दिलेल्या भागातून वाढलेले आहे.

आजार कळला तेव्हा अनेकांनी विचारले, "अण्णा, तुम्ही तर सुपारीसुद्धा खात नाही, मग लिव्हर कसे गेले?" दारूनेच यकृत बिघडते, हा आपल्या समाजातील मोठा गैरसमज आहे. हिपॅटायटिस बी व सी यांचे विषाणू, मधुमेह, लठ्ठपणा आणि त्यातून यकृतात साठणारी चरबी यांमुळेही यकृत हळूहळू निबर होते. त्यालाच सिरॉसिस म्हणतात. दिवसभर गादीवर बैठक, हाताशी फरसाण, समारंभात गोडधोड आणि अंगात मधुमेह, हे माझे वर्णन होते. काही वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' असे लिहून आले होते. दुखत काहीच नव्हते, म्हणून तो कागद मी गल्ल्याच्या खणात ठेवून दिला. दोष कोणाचा असेल तर तो माझाच.

यकृत उजव्या बरगड्यांखाली असते आणि त्याचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो असते. पित्त तयार करणे, रक्त गोठविणारी द्रव्ये बनविणे, विषारी द्रव्ये निष्प्रभ करणे ही त्याची कामे. ते फार सोशिक असल्याने बरेच बिघडेपर्यंत तक्रार करीत नाही. नंतर मात्र कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी, आणि अमोनिया वाढून होणारा बुद्धिभ्रम अशी लक्षणे दिसू लागतात. मूत्रपिंड निकामी झाले तर डायलिसिसवर वर्षानुवर्षे काढता येतात. यकृतासाठी तशी सोय नाही. म्हणूनच शेवटच्या अवस्थेत प्रत्यारोपण हाच उपाय उरतो. बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर आदी तपासण्यांवरून 'मेल्ड' नावाचा गुणांक काढतात. तो ६ पासून ४० पर्यंत असतो व जितका अधिक तितका धोका अधिक.

माणसावरील यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न अमेरिकेत डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली केला व पहिले यश १९६७ साली मिळाले. आपल्या देशात १९९४ च्या कायद्याने या कार्यास चौकट मिळाली आणि १९९८ पासून यशस्वी शस्त्रक्रिया होऊ लागल्या. यकृत दोन मार्गांनी मिळते. मेंदूमृत व्यक्तीच्या कुटुंबाने दान केल्यास प्रतीक्षायादीनुसार, अथवा जवळच्या नातलगाकडून. पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा व नातवंडे यांस कायदा जवळचे नातलग मानतो. इतरांना शासनमान्य समितीची परवानगी घ्यावी लागते.

माझी प्रतीक्षा लांबली आणि प्रकृती ढासळू लागली. मुलाचे यकृतही चरबीयुक्त निघाले. तेव्हा मुलगी पुढे आली. मी स्पष्ट नकार दिला. बापाने मुलीला द्यायचे असते, तिच्याकडून घ्यायचे नसते, ही माझी समजूत होती. डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून सर्व सांगितले. उजवा भाग, म्हणजे सुमारे ६० टक्के यकृत काढावे लागेल. उरलेला भाग दोन-तीन महिन्यांत पुष्कळसा भरून येतो. तथापि दात्याच्या जिवालाही थोडा धोका असतोच, दोनशे ते पाचशे दात्यांमागे एक. "शेवटच्या क्षणीही नाही म्हणता येईल, कारण विचारले जाणार नाही," हेही सांगितले. ती ठाम राहिली.

येथे एक स्पष्ट बोलतो. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रिया पुरुषांहून पुष्कळ अधिक आहेत. घरातील सुनेकडे वा लेकीकडे सर्वांनी मिळून नुसते पाहत राहणे हीसुद्धा सक्तीच होय. जे मनापासून दिले जाते तेच दान. अन्यथा ती वसुली ठरते.

शस्त्रक्रियेस बारा तास लागले. शुद्धीवर आलो तेव्हा घशात नळी, अंगावर नळ्या व तारा. तिसऱ्या दिवशी मी दुकानात तागे मोजीत आहे, असा भास मला झाला आणि मी परिचारिकेशी मापावरून वाद घातला. औषधांमुळे असा भ्रम होऊ शकतो व तो उतरतो. नातलगांनी घाबरू नये. मुलगी आठवड्याने घरी गेली, मी तीन आठवड्यांनी. तिला तीन महिने जड वस्तू उचलण्यास मनाई होती.

शस्त्रक्रिया म्हणजे आजाराचा शेवट, असे समजू नये. परके यकृत शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, जंतुसंसर्ग लवकर होतो, रक्तदाब, मधुमेह व मूत्रपिंड यांवर परिणाम होतो. पपनस खाऊ नये, कारण त्याने औषधाची रक्तातील मात्रा वाढते. गुळवेलीसारखी प्रतिकारशक्ती वाढविणारी वनस्पती तर घेऊच नये. चांगल्या केंद्रांत शंभरपैकी ८५ ते ९० रुग्ण वर्षानंतर जिवंत असतात. खाजगी रुग्णालयांत खर्च वीस-तीस लाखांपर्यंत जातो व औषधांचा खर्च कायम राहतो. ताळेबंद मांडताना हा दुसरा आकडा विसरू नये.

आता आपल्या आचाराविषयी. औषध बारा-बारा तासांनी घ्यावयाचे. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचाच, म्हणजे एक मात्रा अंधारातच येते. रात्रिभोजन-त्याग बालपणापासून पाळलेला. मन अस्वस्थ झाले. चातुर्मासात आलेल्या मुनीमहाराजांना विचारले. ते म्हणाले, "ज्या देहाने धर्म साधायचा, त्याची विराधना करून कोणता धर्म साधेल?" ज्याने त्याने आपल्या गुरूंना अवश्य विचारावे, मात्र डॉक्टरांना न सांगता वेळ बदलू नये. अनंत चतुर्दशीचा निर्जळ उपवास मला सोडावा लागला, कारण शरीरातील पाणी घटले तर मूत्रपिंडास अपाय होतो. त्या दिवशी मंडपात मागे बसलो असता प्रथम फार वाईट वाटले. आता मी मिठाईचा त्याग पाळतो. उकळून गाळलेले पाणी आणि ताजे, शिजवलेले अन्न हे आपले जुने नियम मात्र डॉक्टरांनाही पसंत पडले.

आपल्या शास्त्रांत आहार, औषध, ज्ञान व अभय अशी चार दाने सांगितली आहेत. मेंदूमृत झालेल्या आप्ताचे अवयव देणे हे मी औषधदान आणि अभयदान दोन्ही मानतो. असे निदान चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करते. यात घाई नसते. नेत्रदानात आपला समाज पुढे आहे, त्याच श्रद्धेने याचाही विचार व्हावा. अशी दाने वाढली, तर कोणा मुलीला बापासाठी टेबलावर झोपावे लागणार नाही.

आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी यकृताची रक्ततपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी. अहवाल खणात ठेवू नये. इतकी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.