खेळातला कॅमेरा कुणासाठी?

टीव्हीला जोडून खेळायच्या गेममध्ये, म्हणजे कन्सोलवर, खेळता खेळता एकमेकांचे चेहरेही दिसावेत ही सोय तशी जुनी आहे. मायक्रोसॉफ्टने २००६ साली एक्सबॉक्स ३६० साठी छोटा कॅमेरा आणला होता, आणि जून २०२५ मध्ये निन्टेंडोने स्विच २ या कन्सोलवर गेमचॅट या नावाने तशीच सोय दिली. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात बहुतेक मुलं मोबाइलवरच खेळतात, पण कॅमेरा कुणासाठी सुरू करायचा, हा प्रश्न तिथेही आहेच. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. खेळातला कॅमेरा आधीपासून ओळखीच्या असलेल्या माणसांपुरताच ठेवावा. खेळात भेटलेल्या परक्यासाठी मुलांनी तो कधीही सुरू करू नये.

यावर काहीजण म्हणतात, चेहरा दिसला की माणसाला जनाची लाज वाटेल, शिवीगाळ कमी होईल. अनुभव मात्र वेगळा आहे. एक्सबॉक्सवर उनो हा पत्त्यांचा साधा घरगुती खेळ कॅमेऱ्यासह खेळता येत होता. तिथे काही लोकांनी परक्यांसमोर कपडे उतरवले आणि त्या खेळाचं नाव बद्दू झालं. लाज नुसत्या चेहऱ्याने वाटत नाही, ओळखीने वाटते. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला, की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. शाळकरी मुलांना संध्याकाळी ७ ते ९ मोबाइल द्यायचा नाही, असंही तिथे ठरलं. शिवी देणाऱ्याला उद्या त्याच पारावर बसायचं असतं, म्हणून अशा ठरावाला वजन येतं. हजार कोसांवरच्या टोपणनावाच्या खेळाडूला कुठला पार आणि कुठली ग्रामसभा?

दुसरा आक्षेप असा, की आवाजाने आणि लिहून बोलणं आधीपासून चालूच आहे, मग चित्राने असं काय बिघडतं? पुष्कळ बिघडतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्र पोलिसांच्या सायबर जागृतीच्या कार्यक्रमात अभिनेता अक्षय कुमार यांनी आपल्या मुलीबाबत घडलेला प्रकार जाहीरपणे सांगितला. ऑनलाइन खेळात एका परक्याने आधी गोड बोलून, मग मुलगा की मुलगी हे विचारून शेवटी तिच्याकडे नग्न फोटो मागितले. मुलीने लगेच खेळ बंद केला आणि आईला सांगितलं. अशा माणसांना हवं असतं ते चित्रच, आणि कॅमेरा चालू असेल तर ते मागायचीही गरज उरत नाही, गुपचूप रेकॉर्ड करता येतं. शिवाय चित्रात नुसता चेहरा येत नाही. मागे खुंटीवरचा गणवेश दिसतो, त्यावर शाळेचा बिल्ला असतो, भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर असतं आणि त्यावर शाखेसह गावाचं नाव छापलेलं असतं. मुलाने तोंडातून शब्द काढला नाही तरी पत्ता पोचतो.

मग कॅमेरा सरसकट बंदच ठेवायचा का? तसं मला वाटत नाही. पुण्याला गेलेला चुलतभाऊ, परदेशातली आत्या यांच्याशी हसत-खिदळत खेळणं ही चांगलीच गोष्ट आहे, आणि तेवढ्यापुरती वाट ठेवता येते. गेमचॅटमध्ये १६ वर्षांखालच्या मुलासाठी पालकाने मोबाइल ॲपवरून परवानगी द्यावी लागते. कुणाशी बोलायचं तेही पालकच मंजूर करतात. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. पण हे सगळं एका जागी कोसळतं. मूल वडिलांच्या खात्यावर खेळतं, किंवा खातं उघडताना जन्मसाल मागे ढकललेलं असतं. मग यंत्राच्या लेखी तो मोठा माणूस, आणि सगळी दारं उघडी. म्हणून मुलाचं खातं वेगळं काढा, जन्मतारीख खरी घाला, आणि संपर्क फक्त मित्रयादीपुरता ठेवा. सेटिंग जमत नसेल तर मुलालाच शेजारी बसवून दाखवायला सांगा, त्यात कमीपणा नाही. कॅमेरा बैठकीतल्या टीव्हीवर असू द्या, मागे कोरी भिंत येईल असा लावा आणि खेळ संपला की त्याची वायर काढून ठेवा.

एवढं करूनही कुणी धमकावलं, फोटो मागितला, तर मुलाला रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणारच नाही. पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, स्क्रीनचे फोटो काढून ठेवा आणि मगच त्या माणसाला ब्लॉक करा. सायबर तक्रारीसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. फोन त्याच दिवशी करा.